भोपळ्याची पावणी

नमस्कार मंडळी. आज दानाबद्दल बोलायचंय. रेडिओ बंद करू नका, मी पावतीबुक घेऊन आलेली नाही.

विषय तसा साधा आहे. आपण गावात, वाड्यावर, देवळात, चर्चमध्ये, कुणाच्या बाराव्याला नाहीतर नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जे चार पैसे देतो, त्यातनं मुलांचं शिक्षण, बायकांची कमाई आणि आजाऱ्याचं औषधपाणी ह्या तीन गोष्टींना खरंच काही हातभार लागतो का? लोक मला म्हणतात, बाई, आता सरकार सगळं देतं, पुस्तकं देतं, दुपारचं खाणं देतं, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, उपचार देतं, मग आमच्या शंभर रुपयांनी काय व्हायचंय. होतं हो. सरकारची योजना येते बसस्टॉपपर्यंत. तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंत जे उरतं ना, ते गावच्या पैशानं होतं. बसस्टॉपपासून उंबऱ्यापर्यंत, हे लक्षात ठेवा, मी मधेमधे परत म्हणणार आहे, रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही.

आता बांबोळीचंच घ्या. उपचार मिळतात, राज्य सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड २०१६ पासून आहे, घरात तीनपर्यंत माणसं असली तर अडीच लाख, जास्त असली तर चार लाखांपर्यंत. पण काणकोणच्या टोकाहून नाहीतर सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून पहाटेची कदंबा बस पकडून यायचं, सोबत जो येणार त्याचा रोज बुडणार, नंबर लागेपर्यंत दुपार, दोघांचं जेवण, आणि मग खिडकीवरचा सांगतो रिपोर्ट परवा. परवा परत तेवढंच. ह्याला कार्डात रकाना नाही. आणि माणूस उपचार सोडतो तो बऱ्याचदा ह्याच्यापायी सोडतो, ऑपरेशनच्या खर्चापायी नव्हे.

हे आपल्याकडे नवीन नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. तेव्हा पोर्तुगीज सरकार आमच्या मुलांना मराठी शिकवायला थोडंच पैसे देणार होतं, आणि लोकांकडे तरी रोख कुठे होती. तर मुष्टिफंडाची रीत अशी, घरातल्या बाईनं रोज भाताचं आधण ठेवलं की तांदळातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, ठरल्या दिवशी कुणीतरी येऊन घरोघरचे तांदूळ गोळा करायचे, विकायचे आणि त्यातनं शाळा चालवायची. रोज एक मूठ. घरात कुणाला कमी पडत नाही आणि तिकडे शाळा उभी राहते. मडगावचं ऑस्पिसियो हॉस्पिटल, जिथे अर्ध्या सासष्टी तालुक्याचा जन्म झालाय, ते सुद्धा पाद्री मिरांडांनी १८६७ साली गरिबांसाठी सुरू केलेलं. आणि गोवा मुक्त झाल्यानंतरची पहिली दोन कॉलेजं, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, दोन्ही १९६२ ची, दोन्ही लोहखनिजाच्या खाणवाल्यांच्या घराण्यांनी उभी केलेली. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे हा कायदा आला २०१३ ला, म्हणजे मधे पन्नास वर्षं गेली.

पण मोठ्यांचं मोठं. आणि मोठ्या दानात एक गोष्ट मला अजिबात आवडत नाही ती म्हणजे पंख्याच्या पात्यावर नाव. एक पंखा, तीन पाती, आजोबांचं नाव, आजीचं नाव, आणि तिसऱ्या पात्यावर दात्याचं नाव पत्त्यासकट. फिरायला लागला की एकही वाचता येत नाही, आणि बंद पडला की दुरुस्तीला दाता नाही. असो.

तर आता भोपळ्याची गोष्ट. ज्यांनी माझ्याकडनं आधी ऐकलीय त्यांनी चहा ठेवायला जायला हरकत नाही.

फोंडा तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही, कारण गोष्टीतले दोघेही रेडिओ ऐकतात. २०१२ ची जत्रा. खाणी चालू होत्या, गावात ट्रकांचे हप्ते आणि लाल धूळ दोन्ही भरपूर. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी मंडपात पावणी. पावणी तुम्हाला सांगायला नको, देवीला आलेले नारळ, केळीचे घड, साड्या मांडून बोली लागते, शेवटची बोली ज्याची त्याची वस्तू, पैसे देवस्थानाला. बाजारातला साधा नारळ तिथे चारशेला जातो आणि घेणारा खुशीत घरी जातो. तर त्या वर्षी गावातल्या चार बायकांनी आणि शाळेतल्या एका मास्तरांनी कमिटीकडे मागणं केलं, की एक वस्तू, फक्त एक, गावच्या फंडासाठी पावणीला काढा. फंड म्हणजे तेव्हा बिस्किटाचा एक डबा होता, आणि त्यात शाळेच्या वह्यांपुरते पैसे. कमिटी ती कमिटी. बैठका झाल्या. एकानं तर हे शास्त्रात बसतं का म्हणून विचारलं. (पैसे बाहेर जायची वेळ आली की आपल्याला शास्त्र आठवतं, ऑर्केस्ट्रा बोलावताना बरं आठवत नाही.) शेवटी हो म्हणाले, पण वस्तू तुमची तुम्ही आणा.

वस्तू कुठली आणणार? वाड्यावरच्या एका आजीनं आपल्या गोठ्याच्या छपरावरचा तांबडा भोपळा दिला. रोख द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, पण भोपळा असा की दोन पोरांनी धरून आणला. छपरावर टेकला होता त्या अंगाला चपटा, देठाला सुतळी, आणि वर आजीनं हळदकुंकू लावलेलं. टेबलावर ठेवला तर टेबल हललं, मास्तरांनी पायाखाली कागदाची घडी सारली आणि बोली सुरू केली.

पन्नास. साठ. शंभर. दीडशे बोलले बारवाले भाई, आणि खरं म्हणजे तिथेच संपायला हवं होतं, भोपळ्याला दीडशे म्हणजे रग्गड झाले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून ट्रकवाले भाई म्हणाले, "पाचशें."

आता हे दोघे चुलतभाऊ. आणि दोघांमधे कित्येक वर्षांचा अबोला, कशावरून तर एका माडावरून. माडाचं मूळ एकाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, शेंडा वाकून दुसऱ्याच्या अंगणात, नारळ कुणाचे? पंचायत झाली, मामलेदार झाले, नारळ पडायचे ते पडतच होते. त्यामुळे पाचशे ऐकल्यावर मंडपात जे कुणी उठून चालले होते ते परत बसले.

हजार. दीड हजार. तीन. बारवाल्यांची बायको आमच्या बाजूनं पदराआडून खुणा करतेय आणि ते मुद्दाम समईकडे बघतायत. पाच हजार. मास्तर एरवी एक वार दोन वार भराभर म्हणून मोकळे होणारे, पण त्या दिवशी "दोन वार" म्हणायचे आणि चष्मा काढून पुसायला घ्यायचे. कुणीतरी वाढवलं की परत डोळ्यावर. माझ्या शेजारी आजी बसलेली, ती मला हळूच विचारते, "बाय, हे अजून भोपळ्याचंच चाललंय ना?" म्हटलं हो आजी, तुमच्याच भोपळ्याचं. "मग कुणीतरी सांगा त्यांना, एका अंगानं चपटा आहे तो."

अकरा हजार. पंधरा. शेवटी ट्रकवाले खुर्ची मागे ढकलून उभे राहिले आणि म्हणाले, "एकवीस हजार! आनी ते नाल्ल लेगीत तुका!" (म्हणजे, आणि ते नारळसुद्धा तुलाच!) मंडप असा हसला की मास्तरांचं तीन वार कुणाला ऐकूच आलं नाही. बारवाले बसले. भोपळा कुठे गेला म्हणाल तर दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादात, खतखत्यात. मी खाल्लाय, चांगला गोड होता.

त्या गावात रीत अशी, पावणीचे पैसे पुढच्या जत्रेपर्यंत फेडायचे. ट्रकवाल्या भाईंनी थोडे लगेच दिले, त्यात दोन शिलाई मशीनं आली. आणि मग सप्टेंबर आला आणि खाणी बंद झाल्या. तुम्हाला आठवत असेल २०१२ चा सप्टेंबर. ट्रक अंगणात उभे, टायर चिखलात रुतलेले, बँकेचा माणूस दर महिन्याला दारात. फंडाच्या बायका म्हणाल्या सोडून द्या, भोपळ्याचे कसले पैसे मागायचे. पण भाई स्वतः आले. म्हणाले, देवीसमोर बोललेला आकडा आहे. रोख नाही, छोटी पिकअप आहे, डिझेल घाला, बांबोळीला कुणाला न्यायचं असेल तर नेतो, खेपेचे जे काय होतील ते कापा. आणि खरंच रजिस्टरमधे तशी नोंद आहे, मास्तरांच्या अक्षरात: "भोपळ्यापैकी, बांबोळी खेप एक, रुपये सहाशे जमा." खाली परत, "भोपळ्यापैकी, बांबोळी खेप एक." पानभर भोपळा. कुणाची डायलिसिस, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन, एका बाईची रात्री दोनला प्रसूती. आणि डिझेल कोण घालत होतं माहीत आहे? बारवाले. पंपावर परस्पर खातं. विचारलं तर म्हणाले, पंधरा हजारांपर्यंत मी पण नेलाय की तो भोपळा. दोघांचा अबोला मात्र अजून आहे, माडही तिथेच वाकलेला आहे.

बरं. ह्यातलं कामाचं काय ते पटकन सांगते कारण वेळ माझ्या गोष्टीनं खाल्ला.

एक, गावच्या पैशाला माणूस दिसतो. कुणाला गाडी लागणार, कुठल्या घरात दहावीचा मुलगा आहे आणि अभ्यासाला जागा नाही, हे वाड्यावरच्या बाईला ठाऊक असतं, त्यासाठी सर्व्हे नको. त्याच फंडातनं शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी गणित आणि इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, खर्च काय तर एक ट्यूबलाइट, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि पोरांना चहा-बिस्किट. शिकवायला रिटायर मास्तर फुकट मिळतात, त्यांना घरात कुणी ऐकत नसतं.

दोन, मशीन देणं सोपं, ऑर्डर देणं कठीण. ती दोन शिलाई मशीनं आली, फोटो झाला, आणि पुढे कित्येक महिने त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले मी बघितलेत. शाळेनं युनिफॉर्मचं काम दिलं तेव्हा ती फिरली. म्हणून दान करणाऱ्याला मी म्हणते, मशीन दे बाबा, पण सोबत तुझ्या दुकानाच्या पिशव्या त्यांच्याकडनंच शिवून घे. आपल्याकडच्या स्वयंसाहाय्य गटांचं सगळं गाडं इथेच अडतं. नाबार्डनं १९९२ मधे गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून कर्ज मिळतं, ते मोठंच काम झालं, पण सोलं, पापड, लोणचं विकायचं कुठे? आणि शाळेतलं दुपारचं खाणं हे गट करतात, त्यांचं बिल निघायला उशीर झाला की दुकानदाराची उधारी ह्या बायकांच्या डोक्यावर. गावच्या फंडानं मधल्या दोन महिन्यांची बिनव्याजी उचल दिली तरी गट तगतो. दान नव्हे ते, पैसे परत येतात, पण काम दानाचंच करतात.

तीन, तब्येत म्हणजे नुसतं शरीर नव्हे. आपल्या गोव्यातच १९९६ मधे सुरू झालेली संगत ही संस्था, तिनं दाखवून दिलं की नैराश्यात गेलेल्या माणसाशी गावातलीच, डॉक्टर नसलेली पण नीट ट्रेनिंग दिलेली बाई किंवा पुरुष बसून बोलला तर फरक पडतो. त्याचा अभ्यास लॅन्सेटसारख्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या साप्ताहिकात छापून आलाय. ह्याला इमारत लागत नाही, माणसाचं मानधन आणि बसभाडं लागतं. पण मानधनाला दाता मिळत नाही हो, त्याच्यावर पाटी लावता येत नाही ना. परत म्हणते, बसस्टॉपपासून उंबऱ्यापर्यंत जायला पाय लागतात, आणि त्या पायांना पगार लागतो.

जुन्या कपड्यांचं एक सांगायचं राहिलं. चतुर्थीच्या आधी कपाट आवरायचं आणि फाटकं गाठोडं आश्रमात टाकून यायचं, ह्याला दान म्हणू नका. तिथल्या मुलींना निवडत बसावं लागतं. नवीन अंतर्वस्त्रं द्या, टॉवेल द्या, सॅनिटरी पॅड द्या. लाज वाटते म्हणून कुणी देत नाही, आणि नेमकं तेच कमी पडतं.

देताना हिशोब विचारा, विचारायला लाजू नका. त्या गावात रजिस्टर देवळाच्या ऑफिसात दोरीनं बांधून ठेवलंय, कुणीही उघडावं. नोंदलेली संस्था असेल तर पावती घ्या. इन्कम टॅक्सची सूट, ज्याला आपण ८०जी म्हणतो, ती दोन हजारांवरच्या रोख दानाला मिळत नाही, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर चेक द्या किंवा फोनवरनं पाठवा. आणि नवीन पद्धतीनं रिटर्न भरत असाल तर ती सूट धरूच नका, ती जुन्या पद्धतीतच आहे.

जत्रांचे दिवस जवळ आलेत. तुमच्या गावात पावणी होत असेल तर आत्तापासून कमिटीच्या मागे लागा, एक वस्तू मागून घ्या. नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीला परत जा, आणि बायकांनी जा, त्यांना नाही म्हणायला वेळ लागतो. येते मी. नमस्कार.