बेचाळिसाव्या दिवसानंतर

दिंडोरी तालुक्यातील या द्राक्षबागेत थिनिंग सुरू आहे. घडातील जास्तीचे मणी कात्रीने काढले, की उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मांडव डोक्यावर असल्याने मान दिवसभर मागे आणि हात खांद्यांच्या वर राहतात. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरकडून टोळीने येणाऱ्या या बायांमध्ये नुकतीच कामाला लागलेली तरुणी आहे, बाळंतपणातून उठलेली सून आहे आणि पन्नाशी ओलांडलेली सासूही आहे. विचारले तर तिघींचेही उत्तर एकच असते: अंगात कस राहत नाही. हा थकवा कामाचाच, असे घरात सर्वांनी धरलेले असते आणि म्हणून त्याची तपासणी होत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली गेले, की रक्तक्षय मानतात. त्याची सुरुवात बहुधा पाळी येते त्या वयात होते, कारण तेव्हा शरीर वाढत असते आणि दर महिन्याला रक्तही जात असते. त्यासाठी शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. गोळीने शौचास काळे होते, कधी पोट बिघडते. हे आधी कोणी सांगितलेले नसले, तर मुलगी घाबरते आणि गोळी दप्तरातच राहते. शिवाय भाकरीसोबतच चहा घेण्याची सवय अन्नातील लोह वाया घालवते. चहा तासभर उशिरा घेतला आणि ताटात लिंबाची फोड ठेवली, तर त्याच भाकरी-भाजीतून अधिक लोह अंगी लागते, आणि याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

गरोदरपणी मात्र सारी यंत्रणा जागी होते. रोजची लाल गोळी, दर महिन्याच्या 9 तारखेची तपासणी, वजनाच्या नोंदी आणि प्रसूतीनंतर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताईंच्या घरभेटी, हे सर्व खरोखर मोलाचे आहे. पण त्यानंतर कार्ड बाळाच्या लसीकरणाचे होते. आईच्याही लाल गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस चालू ठेवायच्या असतात, हे तिच्या ध्यानात कोणी आणून देत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेने स्त्रीकडे आई म्हणून पाहिले, तेवढे बाई म्हणून पाहिलेले नाही, असे म्हणावेच लागते.

चाळिशीत अंगावरून जास्त जाऊ लागले, की गावात पहिला सल्ला मिळतो तो पिशवी काढण्याचा. गाठी किंवा हार्मोन्सचे असंतुलन यांवर अनेकदा औषधांनीही उपचार होतात. पिशवीबरोबर बीजांडेही काढली, तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरही ही झीज होतेच. म्हणून याच डोंगराळ तालुक्यांत पिकणारी नागली, म्हणजे नाचणी, जिच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, विकून टाकण्याऐवजी घरातही शिजायला हवी.

तिशीनंतरची, कर्करोगासाठीची गर्भाशयमुखाची तपासणी बहुतेक जणी टाळतात. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरे चट्टे उमटतात का, एवढेच त्यात पाहतात. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची तपासणी हवी, इतकाच त्याचा अर्थ. वेळ लागतो काही मिनिटांचा, पण लाज आड येते, आणि लाजेपेक्षाही हजेरी. हिमोग्लोबिनसाठी बोटातील थेंबभर रक्त बांधावरही तपासता येते. गर्भाशयमुखाच्या तपासणीला मात्र आडोसा, पलंग आणि प्रशिक्षित परिचारिका लागते, म्हणजे आरोग्य केंद्रातच जावे लागते. तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडू द्यायची नाही, हे बागायतदाराने आणि टोळीच्या मुकादमाने गोडी (फळांसाठीच्या) छाटणीपूर्वी, मजुरीचा दर ठरवतानाच ठरवून घ्यावे.