टीव्हीला हात लावू नये

नमस्कार. सरांनी फोनवर विषय सांगितला, नवीन तंत्रज्ञान आणि शाळेचे वर्ग, विद्यार्थ्याच्या नजरेतून. आता मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणजे शाळेतली राहिलेच नाहीये, पण सुट्टीत गावी आले की आठवी-नववीच्या पोरांना घेऊन माझे काही ना काही उद्योग चालू असतात, ते इथल्या बऱ्याच काकूंना माहितीये, तक्रारी पण आल्यात.

आमची बॅच 2021 ची दहावी. परीक्षाच झाली नाही. आपलं कोकण बोर्ड तसं दरवर्षी निकालात पुढेच असतं, पण त्या वर्षी राज्याचा 99.95 टक्के आणि आपला पूर्ण 100, त्यामुळे अभिनंदनाचे पेढे खाताना घरचेच हसत होते. ऑनलाइन क्लासचं मी फार बोलत नाही, सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर जाऊन रेंज पकडणं, मे महिन्यातलं तौक्ते वादळ, मग लाईटच नाही, हे सगळं तुम्ही माझ्याबरोबरच भोगलंय. मला बोलायचंय ते शाळा परत उघडल्यावर वर्गात काय आलं त्याच्याबद्दल.

वर्गात टीव्ही आला. लोकवर्गणीतून घेतलेला, मोठा, लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला कुलूप, चावी ऑफिसात आणि पेटीवर कागद चिकटवलेला की टीव्हीला हात लावू नये. मी शाळेला दोष देत नाही हां, महाग वस्तू आहे, मोडली तर पैसे कोण भरणार, आणि आपली खारी हवा अशी की एचडीएमआयच्या पिना पहिल्या पावसाळ्यातच हिरव्या पडल्या. पण आम्ही काय करायचो, तर बघायचो. पचनसंस्थेचा व्हिडिओ लागला, घास अन्ननलिकेतून खाली गेला, जठरात पोचला, बेल झाली. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतो ना, तो दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन करायचा, दीक्षा 2017 पासून आहे, त्यातले काही व्हिडिओ खरंच छान आहेत, पण तिथेही परत बघणंच. म्हणजे आधी सर बोलायचे नि आम्ही ऐकायचो, आता टीव्ही बोलतो नि सर पण आमच्याबरोबर ऐकतात, एवढाच फरक.

आता बघणं वाईट असं मी म्हणत नाहीये. कशेळीच्या सड्यावरचा कातळशिल्पातला हत्ती आहे ना, 18 मीटरच्या आसपास लांब, तिथे तुम्ही उभे राहिलात तर पायाखाली नुसते चर दिसतात, हत्ती काही दिसत नाही. ड्रोनचा फोटो बघितला की मग कळतं की अरे हा पाय, ही सोंड, आणि आत पोटात आणखी प्राणी, मासे कोरलेत. 2022 ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आपली कातळशिल्पं गेली, तिथे असा फोटो वर्गात लावायलाच पाहिजे, फळ्यावर खडूने काढून ते समजणारच नाही.

पण त्याच राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेचा सडा आहे, तिथे कातळशिल्पापाशी एका ठिकाणी होकायंत्राची सुई भरकटते. हे बघायला टीव्ही कशाला, घरच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजायचा सेन्सर बसवलेला असतो. फायफॉक्स म्हणून फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं, ते टाकलं की आकडे दिसतात. जायच्या आधी पोरांना घरी सराव करायला लावला तर एका पोराचा फोन घरातच वेड्यासारखे आकडे दाखवायला लागला, तो म्हणे ताई आमच्या घराखाली पण कातळशिल्प आहे. निघालं काय, तर फोनच्या कव्हरच्या झडपेत लोहचुंबक. कव्हर काढलं, आकडे खाली. पण त्या पाच मिनिटांत चुंबकत्वाचा अख्खा धडा झाला आणि तो कोणी शिकवला नव्हता.

मग भरतीचं काढलं. विजयदुर्गला माझा मामा आहे, होडीवर जातो, त्याचा हिशोब साधा, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी म्हटलं मामा आता सगळं मोबाईलवर मिळतं, तर म्हणतो, "काय गो, मोबायलाक तिथी कळता, पण पाण्यात कोण उतारतला?" पोरांनी काय केलं, जेटीच्या पायऱ्यांना रंगाने नंबर टाकले (विचारून टाकले, प्लीज नोंद घ्या), आणि ज्याचं घर जवळ तो वेळ ठरवून फोटो काढणार, फोटोवर वेळ आपोआप येतेच. ते सगळं स्प्रेडशीटमध्ये भरलं, आलेख काढला. आणि मग भांडणं सुरू, कारण मामाच्या हिशोबात भरती रोज 45 मिनिटं पुढे जाते आणि पोरांच्या आलेखात 50 च्या आसपास. मामा चुकला की आपण चुकलो? तर दोन्ही नाही, चंद्र रोज थोडा पुढे सरकलेला असतो त्यामुळे भरतीला सरासरी 50 मिनिटं उशीर होतो, होडीवर तोंडी हिशोब करायचा तर पाऊण सोपं पडतं, आणि अमावस्या-पौर्णिमेला मोजणी नव्याने सुरू होते म्हणून चूक फार साठत नाही. हे आठवीतल्या पोरीने चंद्राची आकृती काढून मला समजावलं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पायऱ्या कमी बुडतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरपर्यंत, हे तर त्यांना आधीपासूनच पाठ, फक्त ते भूगोलात येतं हे माहीत नव्हतं.

चॅटजीपीटीबद्दल विचारणार तुम्ही, म्हणून आधीच सांगते. ते 2022 च्या नोव्हेंबरच्या शेवटी आलं, तेव्हा मी बारावीत, आणि पुढच्या वर्षभरात कॉलेजातल्या जर्नलांचे निष्कर्ष सगळ्यांचे सारखेच गोड गोड झाले. पोरांनी त्याला आपल्या जेटीवरची उद्याची भरती विचारली, त्याने लगेच मिनिटासकट वेळ दिली, एकदम ठासून. आणि पोरं हसली, कारण भिंतीवर त्यांचा स्वतःचा आलेख लटकत होता आणि त्या वेळेला ओहोटी होती. ज्या वर्गात असा आलेख नसेल तिथे ती वेळ वहीत उतरून पण झाली असती, सरांनी बरोबरची खूण पण केली असती. म्हणून एआय वर्गात आणा की नको यावर मला फार भांडायचं नाही, पोरांकडे ताडून बघायला स्वतःचं काही मोजलेलं आहे का एवढंच मी आधी विचारेन.

शाळेत फोन आणायला बंदी आहे, ती उठवा असं मी म्हणत नाही, रील्स बघत बसतील हे मलाही माहितीये. पण मोजायला सिम लागत नाही, अ‍ॅप एकदा टाकलं की रेंज पण लागत नाही. तुमच्या कपाटात जुने फोन पडलेले असतील, काच फुटलेली चालेल, कॅमेरा चालू पाहिजे, बॅटरी फुगलेली असेल तो मात्र देऊ नका. आतले फोटो-बिटो पुसा आणि भूगोलाच्या मॅडमकडे आणून द्या, चार्जरसकट द्या, कारण चार्जर कोणीच देत नाही.