उत्पन्नाचा दाखला, ओटीपी आणि टॉकबॅक

[पडद्यावर मोबाइल. उत्पन्नाच्या दाखल्याचा ऑनलाइन अर्ज. बोट उजवीकडे सरकतं आणि टॉकबॅकचा, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या फोनमधल्या स्क्रीन रीडरचा, आवाज येतो.]

"एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. नाव नसलेलं बटण."

डोळ्यांना इथे तीन रकाने दिसतात: अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, आधार क्रमांक. खाली एक निळं बटण आहे, त्यावर बाणाचं चित्र. कानांना यातलं काहीच मिळत नाही. कुठल्या रकान्यात काय भरायचं, हे न बघणाऱ्या माणसाला अंदाजानं ठरवावं लागतं.

सरकारी संकेतस्थळं दिव्यांगांना एकट्यानं वापरता येतात का, हे कसं तपासायचं, हा या चित्रफितीचा विषय आहे. हा अर्ज तिच्यासाठी बनवलेला नमुना आहे. यातल्या चुका मात्र रोजच्या संकेतस्थळांवरच्याच आहेत. पडद्यावर जे दिसेल ते आम्ही बोलूनही सांगणार आहोत, म्हणजे ही फीत नुसती ऐकली तरी पुरेल.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. मराठवाड्याच्या या आठही जिल्ह्यांत दाखले, शिष्यवृत्ती, सातबारा, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, सगळं ऑनलाइन झालं आहे. तहसीलचे हेलपाटे वाचले हे खरं. पण ज्याला अर्ज स्वतः भरता येत नाही, त्याला सेतू केंद्रावर बसून आधार क्रमांक, घरचं उत्पन्न आणि आलेला ओटीपी दुसऱ्याला सांगावा लागतो. समोरचा माणूस भला असेलही, तरी पैशाशी आणि ओळखीशी जोडलेली माहिती परक्याच्या हाती जातेच. म्हणून तपासणीचा आमचा निकष एकच आहे: काम एकट्यानं, स्वतःच्या फोनवर, मराठीत, ओटीपी कुणालाही न सांगता पूर्ण झालं का?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदवले गेले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता येईल हे पाहण्याची, जबाबदारी सरकारवर टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात त्याहून पुढचं पाऊल टाकलं. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, अशी अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या किंवा दृष्टिहीन माणसाला पाळता येत नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

तांत्रिक निकष आहेत डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचे. पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. कागदोपत्री कमतरता फारशी नाही.

[पडद्यावर तोच अर्ज, बाजूला त्याचा कोड.]

आता त्या तीन रकान्यांकडे. "अर्जदाराचं नाव" ही अक्षरं रकान्याच्या शेजारी नुसती लिहिलेली आहेत, रकान्याशी जोडलेली नाहीत. डोळा जवळचं जवळच्याला जोडून घेतो, स्क्रीन रीडर तसं करत नाही. एचटीएमएलमध्ये लेबल आणि रकान्याचा आयडी जुळवला की टॉकबॅक लगेच बोलतो, "अर्जदाराचं नाव, एडिट बॉक्स." एका रकान्याला एका ओळीचं काम.

पुष्कळ जण लेबल न देता रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत "येथे नाव लिहा" असं टाकतात. टाइप करायला लागलं की ती सूचना नाहीशी होते. भरलेला अर्ज पुन्हा तपासताना कुठला रकाना कशाचा होता हे कळत नाही. विसराळूपणा वाढलेल्या वयस्कर माणसालाही ते तेवढंच अडतं.

वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२४ मध्ये ८१ टक्के पानांवर फिकट मजकूर आढळला, जवळपास ४९ टक्के पानांवर लेबल नसलेले रकाने. या चुका शोधायला संशोधन लागत नाही, दुरुस्त करायला मोठा खर्चही नाही. तरी वर्षानुवर्षं याच यादीच्या वर राहतात, हे खटकतं.

यापेक्षा अवघड अडचण पुढच्या रकान्यात आहे.

[पडद्यावर संगणक. "जिल्हा निवडा" ही यादी. माऊस बाजूला काढून ठेवलेला.]

अर्ज भरणारी दृष्टिहीन मुलगी औशाची आहे, जिल्हा लातूर. यादीत ३६ जिल्हे. माऊसनं यादी उघडून लातूरवर टिचकी मारली की काम होतं. कीबोर्डवर टॅब दाबून ती यादीपाशी येते आणि खालचा बाण एकदा दाबते. पहिलं नाव येतं, अकोला. तेवढ्यात पान पुन्हा लोड होतं, कारण निवड बदलली की लगेच तालुक्यांची यादी आणायची, असं लिहिलेलं आहे. स्क्रीन रीडर पानाच्या अगदी वर फेकला जातो आणि संकेतस्थळाचं नाव वाचायला लागतो. तालुक्याच्या यादीत आता अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर.

ती पुन्हा खाली येते, बाण दाबते. अमरावती. पुन्हा पान वर.

विंडोजवर क्रोममध्ये बंद यादीवर बाण दाबला की प्रत्येक दाबाला "बदल झाला" अशी सूचना जाते, म्हणून हे घडतं. आल्ट आणि खालचा बाण दाबून यादी आधी उघडली, मग एंटरनं निवड केली, तर सुटका होते. पण हा डाव ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच अर्ज चालावा, हे बरोबर नाही. दुरुस्ती सोपी आहे. यादीशेजारी "तालुके दाखवा" असं बटण द्यायचं, किंवा पान न हलवता फक्त तालुक्यांची यादी बदलायची आणि "लातूर जिल्ह्यातले तालुके आले" एवढं आवाजी सूचनेतून सांगायचं. फोकस, म्हणजे कीबोर्ड ज्या जागी काम करतो आहे ती जागा, जिथे होता तिथेच राहिला पाहिजे.

बहुतेक स्वयंचलित तपासणी साधनं ही अडचण पकडत नाहीत. यादीला लेबल आहे, कोड शुद्ध आहे, म्हणून हिरवी खूण येते. नुसते निकषही पुरत नाहीत, हे यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजून दाखवलं. ३२ अंध व्यक्तींनी १६ संकेतस्थळं वापरली, तेव्हा १,३८३ अडचणी नोंदल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याच, नेमकं सांगायचं तर ५०.४ टक्के, डब्ल्यूसीएजी २.० च्या निकषांत बसत होत्या. उरलेल्या अडचणी नुसत्या निकषांवरून कळल्या नसत्या.

मराठीचे स्वतःचे प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांच्याकडे फारच कमी लक्ष गेलं आहे.

पानाच्या कोडमध्ये भाषा लिहावी लागते. मराठीसाठी "एमआर", हिंदीसाठी "एचआय". साचा इंग्रजी किंवा हिंदी पानावरून उचललेला असेल तर जुना कोड तसाच राहतो. मग हिंदी आवाज मराठी वाचतो. लिपी एकच, म्हणून शब्द कसेबसे कळतात. आकडे मात्र बदलतात. अर्जात वय ४६ असेल तर "सेहेचाळीस" ऐवजी "छियालीस" ऐकू येतं. उत्पन्न, सर्व्हे नंबर, शेवटची तारीख, जिथे चूक परवडत नाही तिथेच हा गोंधळ.

दुसरा प्रश्नही आकड्यांचाच. मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाइप होतो आणि अर्ज सांगतो, "अवैध क्रमांक". तपासणीचा नियम फक्त शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे ओळखतो. माणसानं सगळं बरोबर भरलेलं असतं, तरी चूक त्याच्या माथी येते. देवनागरी आकडे आत बदलून घेणं प्रोग्रामरला दोन-तीन ओळींचं काम आहे.

तिसरा प्रश्न पीडीएफचा. आदेश संगणकावर टाइप होतो, छापतात, सही-शिक्का होतो, स्कॅन करतात आणि ते चित्र संकेतस्थळावर चढतं. स्क्रीन रीडरला ते कोरं पान. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर असेल तर आणखी विचित्र. दिसतं मराठी, आत असतात इंग्रजी अक्षरं, आणि तीच वाचली जातात. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. तीच ओळ आली तर ठीक. काहीच निवडता आलं नाही, अर्थहीन अक्षरं आली, किंवा वेलांट्या जागा सोडून पडल्या, तर ती फाइल वाचली जाणार नाही. सही-शिक्क्याची प्रत हवीच असेल तर ठेवा, पण तिच्या शेजारी युनिकोड मजकुराचं पानही द्या.

अक्षरांच्या मांडणीतही इंग्रजीचे नियम आंधळेपणानं लावू नयेत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी मजकूर वाचायला सोपा होऊ शकतो. देवनागरीत तेच केलं तर शिरोरेखा तुटते. आपल्याकडे ओळींमधलं अंतर जास्त महत्त्वाचं, अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट. नाहीतर वरची वेलांटी आणि रफार छाटले जातात आणि अल्पदृष्टी असलेल्या वाचकाला "की" आणि "का" यांतला फरकच दिसत नाही.

[पडद्यावर केशरी पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं: "अर्ज सादर करा".]

हे बटण ओळखीचं वाटेल. उजळ केशरीवर पांढरं. या दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) गुणोत्तर जेमतेम २.१ ला १ भरतं, लागतं ४.५ ला १. ठळक मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं, तेवढंही इथे नाही. एप्रिलच्या उन्हात, परभणीच्या मोंढ्यात उभं राहून फोन पाहिला तर धडधाकट डोळ्यालाही ही अक्षरं लागत नाहीत. केशरी ठेवायचा असेल तर अक्षरं काळी करा.

आता ओटीपी. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात.

पानावर तीस सेकंदांचा उलटा काटा आहे. कुणीतरी चांगल्या हेतूनं तो काटा स्क्रीन रीडरला ऐकू जाईल असा केला आहे. परिणाम ऐका.

"एकोणतीस. अठ्ठावीस. सत्तावीस. सव्वीस."

संदेश आल्याचा आवाज यात बुडतो, रकान्याचं नाव बुडतं. वेळ संपते. काटा दर सेकंदाला बोलायला नको. सुरुवातीला एकदा आणि संपण्याआधी एकदा पुरे. निकष सांगतो की वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि साध्या एका कृतीनं वेळ वाढवायला किमान वीस सेकंद मिळावेत. ओटीपी आपोआप भरला जाईल अशी सोय रकान्यात करता येते, तीही ठेवा. आणि कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासणारं कोडं, चित्राचा असेल तर त्याला आवाजाचा पर्याय हवा. पण कर्णबधिर-अंध व्यक्तीला दोन्ही उपयोगाचे नाहीत, म्हणून जिथे ओटीपी आहे तिथे कॅप्चा लागतोच का, हे आधी विचारा.

[पडद्यावर एक साधी खोली. टेबल, दोन खुर्च्या, रेकॉर्डर.]

माणसांसोबतची चाचणी अशी घ्यावी. एका फेरीला सात-आठ जण. दोघं-तिघं टॉकबॅक वापरणारे, दोघं अक्षरं मोठी करून वाचणारे, एखादी हाताला कंप असलेली व्यक्ती, दोघं कर्णबधिर. सगळे एकाच वसतिशाळेत शिकलेले नकोत, नाहीतर सगळ्यांच्या सवयी सारख्या निघतात. फोन त्यांचाच. कार्यालयातला नवा फोन आणि वेगवान वायफाय देऊन केलेली चाचणी फसवी असते. मराठी आवाजाची फाइल फोनवर उतरवलेली आहे का, हे आधी पाहा. नसेल तर नेट गेलं की आवाजच बदलतो किंवा बंद पडतो.

कामं चारच द्या. अर्ज शोधा, भरा, कागद जोडा, पोचपावती उतरवून घ्या. आधार क्रमांक आणि उत्पन्न खोटं, नमुन्याचं. चाचणीत खरी माहिती मागू नये. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला द्यायचा, कारण हिंगोलीहून नांदेडला येऊन दीड तास देणं हे काम आहे.

काम करता करता मनातलं बोला, असं दृष्टिहीन व्यक्तीला सांगू नये. तिचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकमेकांवर चढतात आणि तिचं ऐकणंच बिघडतं. काम होऊ द्या, मग रेकॉर्डिंग पुन्हा लावून विचारा. फोनला हात लावू नका. "वर उजवीकडे बघा" असं तर मुळीच सांगू नका. ती स्वतः मदत मागेपर्यंत थांबणं अवघड जातं, पण अडचण नेमकी कुठे आहे हे त्या थांबण्यातूनच कळतं. नोंद तीनपैकी एक: एकट्यानं झालं, मदतीनं झालं, झालं नाही. सोबत जागा आणि वेळ.

कर्णबधिर सहभागींसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवावा लागतो. घरातल्या नातेवाइकावर ते काम टाकू नये, मग उत्तरं नातेवाइकाची येतात. अनेकांची पहिली भाषा खुणांची, लिखित मराठी नंतरची. "उपरोक्त प्रमाणपत्रे सादर न केल्यास सदर अर्ज फेटाळण्यात येईल" हे वाक्य त्यांना अडवतं. "हे तीन कागद जोडा. नाही जोडले तर अर्ज मंजूर होणार नाही" हे चालतं, आणि सगळ्यांनाच चालतं.

बाजारात एक आयतं साधनही मिळतं. पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह, दाबलं की अक्षरं मोठी, रंग उलटे. संकेतस्थळ सुगम्य झालं असं विकणारा सांगतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशाच दाव्यांवरून एका कंपनीला २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. असं साधन वरून लावल्यानं लातूरची यादी अकोल्यावर अडकायची थांबेल, असा भरवसा धरू नये. तो खर्च लेबलं, याद्या आणि ओटीपीवर करावा.

दुरुस्तीनंतर तीच चार कामं, पण नव्या माणसांना द्यायची. जुन्यांना रस्ता पाठ झालेला असतो. साचा बदलला, नवा रकाना वाढला की फेरी पुन्हा. आणि संकेतस्थळावर एक सुगम्यता पान हवं: काय तपासलं, कुठल्या तारखेला, काय अजून चालत नाही, आणि अडलं तर कुणाला कळवायचं. तिथे फोन नंबरासोबत एसएमएस पाठवायचा नंबरही द्या, कारण कर्णबधिर माणूस फोन करू शकत नाही. तक्रार आली की संबंधित पान उघडून, माऊस बाजूला ठेवून, ती अडचण स्वतः कीबोर्डवर करून पाहायची आणि मगच उत्तर लिहायचं.