गुण कोणाला द्यायचे? आइस हॉकीची फँटसी आणि तिच्याभोवतीच्या गप्पा

मित्रहो, १९८० च्या दशकात कॅनडातल्या कचेऱ्यांमध्ये आइस हॉकीचे 'पूल' चालत. हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं, आळीपाळीने नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू निवडायचे आणि मग वर्षभर आपापल्या खेळाडूंचे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार लावल्याचं श्रेय) मोजत राहायचं. या पूलवाल्यांपुढे एक अडचण होती आणि तिचं नाव होतं वेन ग्रेट्स्की. पहिली निवड ज्याच्या वाट्याला येईल तो ग्रेट्स्कीला घेणार, आणि बाकीच्यांना खेळण्यासारखं काही उरणारच नाही. म्हणून बऱ्याच पूलमध्ये त्याचे दोन भाग केले गेले. एकाने ग्रेट्स्कीचे गोल घ्यायचे, दुसऱ्याने त्याचे असिस्ट.

यातला असिस्टचा भाग जास्त वजनदार होता. १९८५-८६ च्या हंगामात त्याचे गोल होते ५२ आणि असिस्ट १६३. संपूर्ण कारकिर्दीत ८९४ गोल आणि १९६३ असिस्ट. त्याचा एकही गोल धरला नाही, तरी त्या लीगच्या इतिहासातल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचे गोल आणि असिस्ट मिळून १९६३ भरत नाहीत.

हा तोडगा कुठल्या कंपनीने किंवा मंडळाने काढला नव्हता. रोज एकमेकांची तोंडं पाहणाऱ्या माणसांनी, जेवणाच्या सुट्टीत बोलत बोलत, खेळ सगळ्यांना खेळता यावा म्हणून तो काढला. मला आज नेमकं हेच सांगायचं आहे. अशा खेळाला, म्हणजे खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या आकड्यांवर गुण मोजण्याला, फँटसी म्हणतात, आणि त्यातली गुणपद्धती हा माणसांनी आपसांत केलेला करार असतो. कोणाचं काम मोजायचं आणि कोणाचं सोडून द्यायचं, हे त्यात ठरतं. आणि तो करार ज्या गप्पांमधून होतो, त्यांना 'टाइमपास' म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यांपुढे येते, म्हणून थोडक्यात खेळ सांगते. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात, त्यातला एक गोली, म्हणजे गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी रबराची कडक चकती, तिला पक म्हणतात. गोल झाला की त्याआधी पक पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्ट मिळतो. नियम मोडला की खेळाडू सहसा दोन मिनिटं बाहेर बसतो, तेवढा वेळ समोरच्या संघाकडे एक माणूस जास्त असतो आणि त्याला पॉवर प्ले म्हणतात. आजच्या व्याख्यानाला एवढं पुरेल.

आता फँटसी. आपल्याकडे ही कल्पना क्रिकेटमधून आणि पैशांबरोबर आली. आपण निवडलेल्या कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. त्यामुळे अनेकांना वाटतं की फँटसी म्हणजे जुगाराचाच एक प्रकार. पण तिचं मूळ मित्रमंडळींच्या बैठकीत आहे. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलची जी लीग सुरू केली, तिला ते जिथे जेवायला जमत त्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्टॉरंटवरून 'रोटिसरी' हे नाव पडलं. तिथे प्रत्येक आकडेवारीत संघांची क्रमवारी लावायची. दहा संघ असतील तर पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक, आणि सगळ्या क्रमवाऱ्यांची बेरीज. हॉकीत ही पद्धतही चालते आणि प्रत्येक कृतीला ठरावीक गुण देण्याचीही.

दुसऱ्या पद्धतीत काय घडतं, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक आघाडीचा खेळाडू आहे: ३० गोल, ३० असिस्ट, २० ब्लॉक, ४० हिट. ब्लॉक म्हणजे समोरच्याने मारलेला फटका अंगावर घेऊन अडवणं, आणि हिट म्हणजे नियमात बसणारी धडक. दुसरा आहे बचावपटू: ५ गोल, १५ असिस्ट, १८० ब्लॉक, २०० हिट. गोलला दोन आणि असिस्टला एक गुण धरला, तर पहिल्याचे ९० होतात आणि दुसऱ्याचे २५. बचावपटूला कोणी विचारणार नाही. आता फक्त दोन ओळी वाढवा: ब्लॉकला अर्धा गुण आणि हिटला ०.१. पहिला १०४ वर जातो आणि दुसरा १३५ वर. दोघांच्या खेळात तसूभरही फरक पडलेला नाही, तरी कालपर्यंत ज्याचं नाव कोणी घेत नव्हतं तो वर आला.

मला या दोन ओळी हव्याशा वाटतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारी कडक चकती पायावर झेलणाऱ्या माणसाचं काम कुठेतरी लिहिलं जायला हवं. पण त्यात एक गोमही आहे. गोल झाला की नाही यावर सहसा दुमत होत नाही, हिट मात्र स्टेडियममध्ये बसलेली माणसं पाहून मोजतात. कुठल्या धडकेला हिट म्हणायचं, याचा हात कुठे सैल असतो, कुठे आखडता. काही शहरांत हिट जास्त नोंदले जातात, काही शहरांत कमी, हे आकडेवारी अभ्यासणाऱ्यांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. त्यामुळे हिटला किती गुण द्यायचे या वादात कुठल्या शहराची मोजणी विश्वासाची, हा प्रश्न आपोआप येतो. ब्लॉकचीही आणखी एक बाजू आहे. जो संघ सतत बचावातच अडकलेला असतो, त्याच्या खेळाडूंना ब्लॉक करायची संधी जास्त मिळते. म्हणजे हरणाऱ्या संघातला बचावपटू फँटसीत श्रीमंत होतो. काहींना हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही. हरणाऱ्या संघातही कोणीतरी राबत असतंच.

गोलीचा हिशोब याहून अवघड आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात कडाक्याचे वाद तिथे होतात. सर्रास दिसणारी एक पद्धत अशी: प्रत्येक सेव्हला, म्हणजे अडवलेल्या फटक्याला, ०.२ गुण, खाल्लेल्या प्रत्येक गोलला उणे २. विजयाचे गुण वेगळे, ते सध्या बाजूला ठेवू. या पद्धतीत दहा सेव्ह केले की एका गोलची भरपाई होते. म्हणजे अकरा फटक्यांपैकी दहा अडवणारा गोली शून्यावर राहतो. टक्केवारीत मांडलं तर ९०.९. आता खरी लीग पाहा. २०१५-१६ मध्ये सरासरी गोली साधारण ९१.५ टक्के फटके अडवत होता. २०२४-२५ पर्यंत ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास उतरलं. हंगामात पंधराशे फटके झेलणारा सरासरी गोली घेतला, तर जुन्या प्रमाणाने त्याच्या खात्यात साधारण वीस गुण जमा होत. आज त्याच नियमाने तो तीस गुणांनी तोट्यात जातो. नियमाला कोणी हात लावलेला नाही. खेळ बदलला आणि नियम जागच्या जागी राहिला. वर्षानुवर्षं त्याच गुणपद्धतीवर चालणाऱ्या लीगमध्ये 'गोली घेण्यात हल्ली अर्थ नाही' असं लोक म्हणू लागतात, तेव्हा त्यांची तक्रार खरी असते, फक्त तिचं कारण त्यांना सापडलेलं नसतं. ते कारण कोणीतरी रात्री गप्पा मारता मारता कागदावर मांडतं आणि मग नियम बदलतो.

आतापर्यंत बोलले ते खऱ्या खेळाडूंबद्दल. ज्या जगात मी स्वतः गुणफलक सांभाळते, तिथे खेळाडूही कल्पित असतात. त्याला सिम लीग म्हणतात; सिम म्हणजे सिम्युलेशन, संगणकाने खेळलेला सामना. पत्ते आणि फाशांवर खेळ जिवंत करण्याची हौस जुनीच आहे. अमेरिकेत हॅल रिचमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेसबॉलचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' विकायला काढला, पुढे त्याची हॉकीही आली. संगणकावर फिनलंडच्या रिस्टो रेमेस यांनी 'ईस्टसाइड हॉकी मॅनेजर' लिहिला. सिम लीगमध्ये प्रत्येक सदस्य एक खेळाडू घडवतो. त्याचं नाव, गाव, उंची ठरवतो. स्केटिंग, पासिंग, नेमबाजी, धडक यांचे आकडे हळूहळू वाढवत नेतो, आणि ती वाढ मिळवण्यासाठी दर आठवड्याला काहीतरी करावं लागतं: लेख लिहायचा, भाकितं करायची, चित्र काढायचं. ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवला जातो, त्यातलं इंजिन सामने खेळतं आणि निकाल लागतात. कॅनडाच्या पूर्व भागात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात, आणि तरीही भारतातून निकालाची वाट पाहणारे लोक मला माहीत आहेत.

आणि या कल्पित लीगवर पुन्हा फँटसी! सदस्यांनी घडवलेल्या खेळाडूंमधून संघ निवडायचा, त्यांच्या कल्पित गोल-असिस्टवर गुण मोजायचे. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण इथे एक गोष्ट घडते, जी खऱ्या लीगच्या फँटसीत घडूच शकत नाही. अलेक्झांडर ओवेच्किनने ६ एप्रिल २०२५ ला आपला ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा विक्रम मोडला. तुम्ही त्याला संघात घेतलं होतं की वगळलं होतं, हे त्याला कधीही कळणार नाही. सिम लीगमध्ये तुम्ही ज्याला वगळलं, तो गप्पांच्या त्याच खोलीत बसलेला असतो. "मला का नाही घेतलंस?" असं तो विचारतो, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. ज्या मुलाने महिनोन्‌महिने लेख लिहून आपल्या बचावपटूचे आकडे वाढवले, त्याला कोणीही निवडत नसेल, कारण आमच्या पद्धतीत ब्लॉकला गुणच नाहीत, तर ती चूक गुणपद्धतीची आहे आणि ती सुधारणं हे गुणफलक सांभाळणाऱ्याचं काम आहे. खऱ्या खेळाच्या फँटसीत बचावपटूंकडे दुर्लक्ष झालं तरी त्यांचं काही बिघडत नाही. इथे एका माणसाचं मन मोडतं. म्हणून मी आमच्या लीगमध्ये ब्लॉकसाठी भांडले.

अशा बैठकीत बोलणं काय चालतं? "सिम कधी होणार?" हा रोजचा प्रश्न. मग इंजिनला शिव्या, कारण चाळीस फटके मारूनही आपला संघ हरलेला असतो. मग कोणाची परीक्षा, कोणाकडे बर्फ पडतंय, कोणी काय शिजवलं. ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, कुजबुज. त्यातच कोणीतरी विचारतं, "गोलीचे गुण कमी वाटत नाहीत का?" आणि तासाभरात कोणीतरी हिशोब मांडून दाखवतं. कामाचं बोलणं आणि रिकामटेकडं बोलणं अशी फाळणी तिथे करताच येत नाही.

अशा बोलण्याने खऱ्या खेळालाही खूप काही दिलं आहे. आज हॉकीचा कुठलाही अभ्यासक कोर्सी हा आकडा वापरतो. गोलवर गेलेले, हुकलेले आणि अडवले गेलेले असे सगळे फटके त्यात मोजतात, म्हणजे पक कोणाच्या ताब्यात जास्त होता याचा अंदाज येतो. बफेलो सेबर्स संघाचे तेव्हाचे गोली-प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्या नावाने तो ओळखला जातो, पण लोकांपर्यंत तो पोहोचवला टोपणनावाने लिहिणाऱ्या एका चाहत्याने. दुसरा आकडा पीडीओ: संघाची नेमबाजीची टक्केवारी (फटक्यांपैकी किती गोल झाले) आणि गोलींची सेव्हची टक्केवारी यांची बेरीज. ती शंभराच्या फार वर गेली, तर संघाला बहुधा नशिबाची साथ आहे आणि पुढे तो खाली येईल. ही तीन अक्षरं ब्रायन किंग नावाच्या चाहत्याने इंटरनेटवर घेतलेल्या टोपणनावाची. चाहत्यांच्या गप्पांत त्याने एक विचार मांडला आणि तो विचार त्याच्या टोपणनावासकट टिकला. २०१४ च्या उन्हाळ्यात व्यावसायिक संघांनी अशाच चाहत्यांना नोकऱ्या देऊ केल्या. टोरांटो मेपल लीफ्सने 'एक्स्ट्रा स्केटर' ही आकडेवारीची साइट चालवणाऱ्याला घेतलं, एडमंटन ऑयलर्सने एका ब्लॉग लिहिणाऱ्या वकिलाला. ज्यांना वर्षानुवर्षं 'यांनी कधी स्केट्स घातलेत का?' असं हिणवलं गेलं होतं, त्यांचं म्हणणं संघांच्या बैठकीत ऐकलं जाऊ लागलं. मला त्याचा फार आनंद वाटतो.

शेवटी आमच्या लीगपुढे सध्या असलेला एक प्रश्न सांगते, कारण तो अजून सुटलेला नाही. खेळ सुरू करताना दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतात, त्याला फेसऑफ म्हणतात. तो जिंकण्याला ०.१ गुण द्यावा, अशी मागणी आहे. दिसायला किरकोळ. पण फेसऑफ जवळजवळ सगळे सेंटरच, म्हणजे आघाडीत मधल्या जागी खेळणारेच, घेतात, आणि खऱ्या लीगमधला भरपूर खेळणारा सेंटर एका हंगामात नऊशेच्या आसपास फेसऑफ जिंकू शकतो. म्हणजे नव्वद गुण, म्हणजे पंचेचाळीस गोलांइतके. एका जागेवर उभं राहण्याचं एवढं मोल दिलं, तर विंगर, म्हणजे आघाडीत कडेने खेळणारे, आणि बचावपटू पुन्हा अदृश्य होतील. माझा प्रस्ताव असा की जिंकलेल्याला ०.१ आणि हरलेल्याला उणे ०.१. नऊशे जिंकणारा साडेसातशे हरलेला असेल, तर त्याचे पंधरा गुण होतात. कौशल्याची नोंद राहते आणि बाकीच्यांची जागाही शाबूत राहते. सेंटर खेळवणाऱ्या सदस्यांचा याला विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की पेनल्टीनंतर आपल्याच गोलसमोर घेतलेला फेसऑफ आणि मैदानाच्या मधोमध घेतलेला फेसऑफ एका भावाने मोजणंच चूक आहे. या मुद्द्याला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. पुढच्या हंगामाच्या ड्राफ्टआधी, म्हणजे खेळाडू निवडण्याआधी, मतदान आहे, तोवर ही चर्चा चालू राहील.