शोकसभेत आजीबद्दल बोलताना

मंडळी, बाराव्या-तेराव्याला कुणी आजीबद्दल बोलायला उभं राहिलं, की ‘माउली होती, जन्मभर खस्ता खाल्ल्या’ एवढ्यात भाषण आटोपतं. त्यात खोटं काही नसतं, पण ते चाळीतल्या कुठल्याही म्हातारीला लागू पडतं. खस्ता कुठल्या, ते सांगा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबल्यावर लालबाग-परळच्या त्या खोलीत चूल कशावर पेटली? खानावळीचे डबे किती जायचे, महिन्याचा दर काय, पैसे बुडवून गावी गेले किती? मंगळसूत्र गहाण पडलं का, आणि सुटलं कधी? मुलांना हे बहुधा ठाऊक नसतं. आई त्यांच्यापुढे हिशेब मांडत नाही. आधी शेजारीण, धाकटी बहीण आणि जाऊ यांना गाठा. जावेच्या सांगण्यात तिची स्वतःची बाजूही असते, तेवढं धरून चाला.

शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर लगेच खरा मानू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे. शिवाय दाखला माहेरच्या नावाचा. सासरच्या नावाने रजिस्टर कितीही चाळलंत तरी हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा विचारा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला रांगत होता की पोटात होता? भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तिथून मागे मोजत गेलं की लग्नाचं सालही साधारण हाती येतं. बहात्तरचा दुष्काळ ही दुसरी खूण.

सगळ्यात जास्त हातचं जातं ते स्वयंपाकाचं. ‘तिच्या हाताला चव होती’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं! खरं तर हे आजी असतानाच व्हायला हवं. ती नसेल तर जी लेक किंवा सून तिच्या शेजारी उभी राहून शिकली, तिची मूठ मोजा. तीनदा काट्यावर टाकायला लावा आणि सरासरी धरा. प्रत्येक जिन्नस वेगळा तोला, कारण मूठभर धणे आणि मूठभर डाळ सारख्या वजनाची भरत नाही. लोक जिन्नस लिहून घेतात, क्रम विसरतात. गोड्या मसाल्यात धणे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजायचं असतं. एकदम कढईत घातलं तर धणे कच्चे राहतात, तीळ करपतात, आणि मसाला कडवट होतो. मग दोष मिक्सरला!

हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद, कुकर उतरवलेला, फोन हातात न धरता घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून दोन वितींवर.

भाषण पाच मिनिटांचं ठेवा, म्हणजे पाचशे-सहाशे शब्द. संपातले डबे किंवा मसाला, एकच काय ते घ्या. उरलेलं वहीत उतरवा आणि वर्षश्राद्धाला नातवंडांना त्याच्या झेरॉक्स वाटा.