बोअर ८९, स्ट्रोक ६४ : चाकणच्या दोन गाड्या

हा पिस्टन पुढच्या रांगेपासून हातोहात मागे जाऊ द्या. तो केटीएमच्या ३९० ड्यूक या मोटारसायकलच्या पहिल्या पिढीच्या इंजिनातला आहे. ज्या सिलिंडरात तो वरखाली होत असे, त्याचा व्यास, म्हणजे बोअर, ८९ मिलिमीटर होता. क्रिकेटचा चेंडू आत सोडला तर सभोवती जागा उरेल एवढा. २०१३ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा प्रवास, ६० मिलिमीटर होता आणि इंजिन ३७३ सीसीचे होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिसऱ्या पिढीची ड्यूक आली, तिचा बोअर तोच राहिला आणि स्ट्रोक ४ मिलिमीटरने वाढून ६४ झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० भारतात आली होती. तिचाही बोअर ८९ आणि स्ट्रोक ६४.

एक गाडी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनच्या कंपनीची, दुसरी इंग्लंडमधल्या हिंक्लेच्या कंपनीची, आणि दोन्ही तयार होतात इथून तासाभरावर असलेल्या चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यांत. बजाजने केटीएममध्ये २००७ साली पहिली गुंतवणूक केली. ट्रायम्फबरोबरचा करार २०२० च्या जानेवारीत इथे पुण्यातच झाला. त्यामुळे ‘इंजिन एकच आहे, नाव आणि टाकी तेवढी बदलली आहे’, असे अनेकजण खात्रीने सांगतात. हे विधान चूक आहे. बोअर आणि स्ट्रोक सारखे असणे म्हणजे दोन घरांच्या खोल्यांची लांबी-रुंदी सारखी असणे. त्यावरून स्वयंपाक सारखा होतो असे ठरत नाही. आजच्या तासाभरात मला एवढेच दाखवायचे आहे की, एकाच मापाच्या सिलिंडरातून इतक्या वेगळ्या स्वभावाच्या दोन गाड्या कशा निघतात, आणि तो स्वभाव कंपनीच्या कागदावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यात का दिसत नाही.

तरीही सुरुवात त्या आकड्यांपासूनच करू. ड्यूकचे इंजिन ८,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या होताना, ४६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद देते, स्पीड ४०० चे ८,००० आरपीएमला ४० पीएस. फरक ६ पीएसचा, आणि या वर्गात तो मोठा आहे. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, पाहिला तर ड्यूकचा ३९ न्यूटन-मीटर आणि स्पीडचा ३७.५, आणि दोन्ही ६,५०० आरपीएमलाच. म्हणजे पिळात दीडचा फरक आणि ताकदीत सहाचा. हे कसे, ते फळ्यावर मांडून पाहू. टॉर्कला आरपीएमने गुणून साधारण ७,०२४ ने भागले की पीएस मिळतात. ६,५०० आरपीएमवर हा हिशेब केला तर ड्यूकला ३६ च्या किंचित वर आणि स्पीडला ३४.७ पीएस मिळतात. म्हणजे तिथपर्यंत दोघींत दीड पीएससुद्धा अंतर नाही. आता हिशेब उलटा करू. ८,५०० ला ४६ पीएस द्यायचे तर ड्यूककडे तिथेही ३८ न्यूटन-मीटर शिल्लक असले पाहिजेत, तर ८,००० ला ४० पीएस देणाऱ्या स्पीडकडे ३५ च आहेत. ड्यूकने कमाल टॉर्कपासून २,००० आरपीएम वर जाऊनही फक्त १ न्यूटन-मीटर गमावला, आणि स्पीडने १,५०० आरपीएममध्येच जवळपास अडीच सोडून दिले. जाहिरातीतला ६ पीएसचा फरक जवळजवळ सगळा ६,५०० आरपीएमच्या वर राहतो. ज्याचा थ्रॉटल तिथे पोहोचतच नाही, त्याच्या वाट्याला तो येत नाही.

वरच्या आरपीएमला टॉर्क टिकवणे सोपे नसते. ८,५०० आरपीएमला पिस्टनला एकदा वरून खाली यायला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या साडेतीन पट एवढाच वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात सिलिंडर हवेने भरायचा असतो. त्यासाठी हवेच्या वाटा, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि सायलेन्सरपर्यंतची नळी, हे सगळे त्या घाईसाठी जुळवावे लागते. आणि जे घाईसाठी जुळवले ते निवांतपणासाठी थोडे कमी जुळते. इंजिनशास्त्रातली ही देवघेव कोणालाच चुकत नाही. ड्यूकच्या अभियंत्यांनी वरची बाजू निवडली, स्पीडच्या अभियंत्यांनी खालची.

खालच्या बाजूकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे दिवसाचे चालवणे तिथेच होते. एका सिलिंडरचे फोरस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट करते. ३,००० आरपीएमला याचा अर्थ सेकंदाला २५ धक्के, आणि २,००० ला जेमतेम १७. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात गाडी पुढे नेण्याचे काम स्फोट करत नाही, क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा, आणि त्याच्याबरोबर फिरणारे वजन करते. ज्यांनी घरात जाते ओढलेले पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल : वरची तळी जड असेल तर हात क्षणभर सैल पडला तरी ती फिरत राहते आणि पीठ एकसारखे पडते, हलकी असेल तर हात थांबला की तीही अडखळते, पण वेग वाढवायचा म्हटला तर झटकन वाढवते. क्रँकशाफ्टचे जडत्व कमी वेगात गाडी सहज चालावी या दृष्टीने जुळवले आहे, असे ट्रायम्फने स्वतः सांगितले आहे, आणि चालवताना ते हाताला जाणवते. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना स्पीडवर क्लचला हात लावायची गरज कमी पडते. ड्यूक तिथे गिअर पाडायला सांगते. मात्र गिअर पाडला की ती ज्या तत्परतेने उसळते, ती तत्परता स्पीडमध्ये नाही.

ताम्हिणी घाटात मी या दोन्ही गाड्या एकाच पावसाळ्यात चालवल्या आहेत. मुळशीकडून माणगावकडे उतरताना एक वळण आतल्या बाजूला आवळत जाते, पुढे एसटी दिसते, आणि रस्त्यावर झाडांच्या पानांचा ओला थर असतो. अशा जागी मला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळल्या. स्पीडवर मी दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल केसभर उघडून धरला आणि मागचे चाक न धसकता, एका लयीत खेचत राहिले. एसटीमागे किती वेळ राहावे लागेल याची चिंता वाटली नाही. ड्यूकवर त्याच जागी थ्रॉटल अधिक जपून वापरावा लागला, पण ब्रेक लावताना माझा विश्वास जास्त होता, आणि त्यामागे सांगण्याजोगे कारण आहे.

टायरची पकड हा ठरावीक ऐवज आहे. गाडी वळणात झुकलेली असते तेव्हा त्यातला बराचसा वाटा गाडीला वळणात धरून ठेवण्यात खर्च होतो, आणि ब्रेकसाठी उरलेला वाटा कमी होतो. साधे एबीएस चाक घसरू लागले की ब्रेकचा दाब सोडते. गाडी किती झुकली आहे हे त्याला माहीत नसते. ड्यूकमध्ये झुकाव मोजणारा संवेदक आहे, आणि दाब किती चढू द्यायचा हे तो झुकावानुसार ठरवतो. स्पीड ४०० ला दोन्ही चाकांवर एबीएस आहे, मागचे चाक जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोलही आहे, पण ही झुकावाची जाण नाही. सह्याद्रीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी चालवणाऱ्या माणसासाठी ड्यूकच्या रंगीत पडद्यापेक्षा, तिच्या लाँच कंट्रोलपेक्षा आणि ट्रॅक मोडपेक्षाही ही एक सोय मोलाची आहे. ती फक्त महागड्या गाडीलाच मिळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सांगाड्याकडे वळू. ड्यूकचे वजन सुमारे १६८ किलो, स्पीडचे १७६. दोन्हींचे पुढचे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या नळ्या, ४३ मिलिमीटरचे उलटे आहेत, पण ड्यूकच्या फोर्कचा दबण्याचा आणि उसळण्याचा जोर बाहेरून क्लिक फिरवून बदलता येतो आणि त्याची चाल १५० मिलिमीटर आहे. स्पीडचा फोर्क जसा आहे तसाच वापरायचा, चाल १४० मिलिमीटर, आणि मागच्या शॉकला फक्त स्प्रिंगचा ताण बदलता येतो. पुढची डिस्क ड्यूकला ३२० मिलिमीटरची, स्पीडला ३०० ची. स्पीडची सीट ७९० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय सिग्नलला नीट टेकतात. ड्यूकच्या टाकीत १५ लिटर पेट्रोल मावते, स्पीडच्या १३. स्पीडचे सर्व्हिसिंगमधले अंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ठेवले आहे, आणि लांब फिरणाऱ्याला ते सोयीचे पडते.

अशा गाड्यांना ‘नेकेड’ म्हणतात, आता त्या शब्दाकडे. या गाड्यांना पुढे फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे आवरण, नसते, म्हणजे वारा सरळ छातीवर येतो, आणि हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. शंभरच्या पुढे गेल्यावर आधी चालवणारा थकतो, इंजिन नंतर. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. म्हणून माझे मत असे की, आपल्याकडे ६,५०० च्या वरचे ते ६ पीएस घाटातल्या चढावर आणि ओव्हरटेकमध्ये उपयोगी पडतात, कमाल वेगासाठी नाही.

युरोपात या ताकदीचा हिशेब वेगळा आहे. तिथे मधल्या वर्गाच्या, म्हणजे ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंतची आणि किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त नसलेलीच गाडी चालवता येते. ड्यूकची युरोपातली ताकद ३३ किलोवॉट. तिच्या वजनाशी ती ताडून पाहा. गाडी दुसऱ्या अटीला जवळपास टेकलेली आहे. ड्यूकला याहून फारशी हलकी करून याच ताकदीने त्या परवान्यात बसवता येणार नाही. आपण चाकणची गाडी म्हणतो, पण तिची वरची रेघ बऱ्याच अंशी ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या कचेरीत, आखलेली आहे. खर्चाची रेघ मात्र दिल्लीतली : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या आतल्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला, आणि या दोन्ही गाड्या त्या रेघेच्या पलीकडे पडल्या.

बाजारात आल्या तेव्हा स्पीड २ लाख ३३ हजारांना आणि ड्यूक ३ लाख ११ हजारांच्या आसपास मिळत होती, एक्स-शोरूम. पुढे किमती वरखाली झाल्या, पण महाग गाडी ड्यूकच राहिली. त्या जास्तीच्या पैशांत क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर, झुकावाची जाण असलेले एबीएस, बदलता येणारे सस्पेन्शन आणि ६,५०० च्या वरचा तो टॉर्क मिळतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर ऑफिसला जाऊन महिन्यातून एकदा कोकणात उतरणाऱ्याला मी स्पीड ४०० सुचवतो. ज्याला गाडी चालवणे ही कला म्हणून शिकायची आहे, जो फोर्कचा एक क्लिक फिरवून तेच वळण पुन्हा घ्यायला परत जाईल, त्याने ड्यूकच घ्यावी. ती त्याला पाच वर्षे शिकवत राहील.

टेस्ट राइड घेताना शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी जोरात पळवून परत येऊ नका. चढ असलेला रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला गाडी स्थिर करा आणि थ्रॉटल हळूहळू, पूर्ण नव्हे, अर्धा उघडा. चेन फटकारते की गाडी न कुरकुरता उचलते, ते तळपायाला आणि मांड्यांना जाणवू द्या. मग दुसऱ्या गिअरमध्ये ६,००० पासून ८,००० पर्यंत एकदाच न्या. दुसरी गाडी शक्यतो त्याच दिवशी, त्याच चढावर चालवा, आणि मागे ज्याला नेहमी बसवणार आहात त्यालाच बसवून न्या.