माईकवर नाव

नमस्कार श्रोतेहो. २०२२ च्या फेब्रुवारीत फुटबॉलपटू कर्ट झूमाने स्वतःच्या मांजराला लाथ मारली, भावाने ते शूट केलं आणि जगभर फिरलं. व्हिडिओ गाजत असतानाच त्याच्या क्लबने, इंग्लंडच्या वेस्ट हॅमने, त्याला मैदानात उतरवलं. बॉल त्याच्या पायाशी आला की प्रेक्षक हुर्यो उडवायचे, त्याच्याच टीमचेसुद्धा. पुढे कोर्टाने १८० तास समाजसेवा करायला लावली, वर पाच वर्षं मांजर पाळायला बंदी. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मायकेल व्हिकला तर कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल २००७ मध्ये २३ महिन्यांची कैद झाली. २००९ मध्ये तो परत खेळायलाही लागला. खेळू दे. पण झूमाची उडाली ती हुर्यो मला शिक्षेपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६० चा कायदा. जनावराला मारलं, पहिलाच गुन्हा, तर दंड दहा ते पन्नास रुपये. परत सांगतो, जास्तीत जास्त पन्नास. दोन वडापाव आणि एक कटिंग.

आता माझंच सांगतो. ठाण्यात टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांना मी कॉमेंट्री करायचो. तेव्हा मैदानं खेळायला मिळायची हो. आता बघावं तेव्हा लग्नाचा मांडव. असो. कोपरीत मॅच रंगलेली. चहावाल्या मावशींचा मोती बॉल तोंडात धरून पळाला. पब्लिक हसलं, मीही माईकवर म्हणालो, "नवा फिल्डर आला!" आमच्या स्टार बॅटरने मागे धावत जाऊन त्याच्या मागच्या पायावर बॅट घातली. सण्णकन आवाज आला. मोती फरफटत माझ्या टेबलाखाली येऊन बसला.

मावशी किटली हातात घेऊनच आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, सिक्स मारली की नाव घेता ना? आता पण घ्या. कोणी मारलं, सांगा माईकवर."

मी म्हटलं, "मावशी, मॅच चालू आहे."

संध्याकाळी मॅन ऑफ द मॅच तोच. मी नाव पुकारलं, एकदा नाही, तीनदा, ठाण्याचा वाघ वगैरे लावून. टाळ्या पडल्या. टेबलाखाली मोती पाय चाटत होता. मावशी आल्या, माझ्यासमोरचा चहाचा ग्लास उचलला आणि घेऊन गेल्या. भरलेला होता.